सशाला पेलेट हवेतच का? नव्याने ससा पाळणाऱ्यांसाठी आहाराची क्रमवार माहिती

ससा विकत घेतला किंवा कोणाकडून सांभाळायला घेतला, की पिंजऱ्याबरोबर बहुधा एक पिशवीही हातात येते. तिच्यात हिरवट-तपकिरी रंगाच्या, दाबून तयार केलेल्या बारीक कांड्या असतात. त्यांना सगळे पेलेट म्हणतात. गुरांसाठी अशाच स्वरूपाची गोळीपेंड मिळते, त्यामुळे हा प्रकार आपल्याला अगदीच अपरिचित नाही. "दोन वेळा वाटीभर घाला, दुसरे काही लागत नाही," असे विकणारा सांगतो. आठ-पंधरा दिवसांत एखादा जाणकार भेटतो आणि पेलेट आजपासूनच बंद करायला सांगतो. नवीन माणसाची या दोन सल्ल्यांमध्ये ओढाताण होते.

मी पुण्यात सदनिकेत ससे सांभाळतो. कापूस नावाच्या माझ्या पहिल्या सशाला मी जवळजवळ वर्षभर वाटी भरून पेलेट घातले आणि तो आवडीने खातो आहे याचे समाधान मानले. त्याच्या दाढांना टोके आली, ती जिभेला टोचू लागली आणि त्याने खाणे कमी केले, तेव्हा पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गवताचा. गवत मी देत होतो, पण मूठभर आणि तेही आठवण झाली तर. पुढच्या उपचारात त्याला जो त्रास झाला तो टाळता आला असता, म्हणून ही माहिती शक्य तितक्या क्रमाने लिहीत आहे.

प्रश्नाचे थेट उत्तर आधी देतो. निरोगी, पूर्ण वाढ झालेल्या सशाला पेलेट अनिवार्य नाहीत. अनिवार्य आहे ते गवत. मात्र गवत चांगल्या प्रतीचे आणि मुबलक असेल, पालेभाजीत विविधता असेल, आणि ससा वाढीच्या वयात, गाभण, दुभता किंवा आजारी नसेल, तरच पेलेट पूर्णपणे वगळता येतात. या अटी पूर्ण होत नसतील तर मोजून दिलेले थोडे पेलेट सशाच्या हिताचेच असतात. म्हणून पेलेट द्यावेत की नाही याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यायचा असतो. त्याआधीची कामे पुढे दिली आहेत.

पोट कसे चालते, हे आधी समजून घ्यावे

आपण घरी पाळतो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या भागातील युरोपीय रानसशाचा वंशज आहे. आपल्या माळरानावर दिसणारा ससा हा वेगळा प्राणी असून त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तो पकडून पाळता येत नाही. युरोपीय रानससा गवत, झुडपांचा पाला, साली आणि रानभाज्या खाऊन जगतो. हे अन्न निकस असते, म्हणून त्याचे शरीर निकस अन्नातून जास्तीत जास्त काढून घेण्यासाठीच घडलेले आहे.

सशाच्या दातांची वाढ आयुष्यभर थांबत नाही. पुढचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात आणि मागच्या दाढाही वाढत राहतात. गवताची लांब काडी चावताना जबडा आडवा, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. पेलेट मात्र दाताखाली येताच फुटून भुगा होतो. त्याला फारसे घासावे लागत नाही आणि पोटही काही मिनिटांत भरते.

दुसरी गोष्ट आतड्याची आहे. सशाच्या आतड्यात अन्नाची विभागणी होते. तंतूंचे लांब, जाड तुकडे सरळ पुढे ढकलले जातात आणि त्यांच्या कडक लेंड्या बनतात. बारीक कण मागे वळून सीकम नावाच्या मोठ्या पिशवीत जातात, तेथे जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून द्राक्षाच्या घोसासारख्या, चकचकीत, मऊ लेंड्या तयार होतात. ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. नवीन माणसाला हे पाहून किळस येते, पण त्याला अडवू नये. ब गटातील जीवनसत्त्वे, के जीवनसत्त्व आणि काही प्रथिने त्याला त्यातूनच मिळतात. हे सारे चक्र लांब तंतूंच्या रेट्यावर चालते. पेलेटच्या वेष्टणावर २० टक्के तंतुमय घटक असे छापलेले असले तरी ते तंतू दळून बारीक केलेले असतात, त्यामुळे त्यांना गवताच्या काडीचे काम करता येत नाही. वेष्टणावरचा आकडा भरघोस दिसतो म्हणून पेलेट आणि गवत सारखेच आहेत असे वाटते, आणि तेथेच बहुतेकांची फसगत होते. माझीही तेथेच झाली होती.

पहिली पायरी: आपला ससा नेमका कोणत्या अवस्थेत आहे ते ठरवा

वय, वजन आणि तब्येत या तीन गोष्टी वहीत लिहून काढाव्यात. सहा महिन्यांच्या आतील पिल्लू वाढीला लागलेले असते. त्याला प्रथिने आणि कॅल्शियम जास्त लागते, म्हणून त्याचे पेलेट कमी करण्याचा विचारही करू नये. बाजारात अनेकदा महिनाभराची, आईचे दूध सुटलेले नसतानाच वेगळी केलेली पिल्ले विकली जातात. अशा पिल्लाच्या आहारात अचानक केलेला कोणताही बदल त्याच्या जिवावर बेतू शकतो. ते आधी जे खात होते तेच पुढे चालू ठेवावे, सोबत गवत कायम ठेवावे आणि पालेभाजी तीन महिन्यांचे झाल्यावर एकेक पान देऊन सुरू करावी.

गाभण किंवा पाजती मादी, आजारातून उठलेला ससा, पाठीचा कणा हाताला टोकदार लागेल इतका रोड झालेला ससा, आणि लोकरीसाठी जोपासलेल्या अंगोरासारख्या लांब केसांच्या जाती यांनाही पेलेटची खरी गरज असते. लोकर म्हणजे प्रथिनेच असल्यामुळे अंगोराचा खर्च साध्या सशापेक्षा अधिक असतो. म्हातारपणी दात गमावलेल्या सशांना तर पेलेट पाण्यात भिजवून मऊ करून द्यावे लागतात.

उलट बाजूला लठ्ठ ससा असतो. हनुवटीखाली लोंबणारी पिशवी मोठी झाली आहे, बरगड्या चाचपडूनही लागत नाहीत, आणि मागचा भाग सारखा मऊ लेंड्यांनी बरबटलेला असतो, अशी त्याची चिन्हे असतात. लठ्ठ सशाचे तोंड मागे पोहोचत नाही, म्हणून मऊ लेंड्या तशाच चिकटून राहतात. पावसाळ्यात तेथे माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. अशा सशाचे पेलेट कमी करणे आवश्यकच असते, पण तेही सावकाश. लठ्ठ ससा एकाएकी उपाशी राहिला तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि ते निकामी होऊ लागते.

दुसरी पायरी: गवताची सोय करा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि आपल्याकडे सर्वांत अवघडही हीच आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

सशाच्या आहारातील सुमारे ८० ते ८५ टक्के भाग गवताचा असावा. रोज निदान सशाच्या स्वतःच्या आकाराएवढा ढीग त्याच्यासमोर असला पाहिजे आणि तो रात्रीही संपता कामा नये, कारण ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वाधिक खातो. परदेशी माहितीत सगळीकडे टिमोथी गवताचे नाव येते. ते थंड हवेतील गवत असून आपल्याकडे बहुतेक आयात होऊन येते आणि महाग पडते. ते परवडत असेल तर उत्तमच, पण ते मिळत नाही म्हणून गवताचा नाद सोडून पेलेटवर भागवणे हे घातक आहे.

देशी पर्यायांमध्ये ओटचे वाळलेले गवत मला सर्वांत भरवशाचे वाटते. ओट हे रब्बीतील चारापीक आहे. दाणा भरण्याआधी, हिरवट असतानाच कापून वाळवलेले असेल तर ससे ते मन लावून खातात. माळावरच्या गवतांपैकी मारवेल चांगले. त्याची काडी बारीक आणि पानेदार असते. हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो तीच दूर्वा, ताजी किंवा सावलीत वाळवून दोन्ही प्रकारे देता येते, आणि सशांना ती अतिशय प्रिय असते. दसऱ्यानंतर गवत कापणी सुरू होते तेव्हा गावाकडे ओळख असेल तर वर्षाची बेगमी करून ठेवता येते. मी दरवर्षी कार्तिकात दोन भारे आणतो आणि त्यातले गवत आधी काडी-काडी निवडतो.

निवडणे आवश्यक असते, कारण रानातील गवतात नको त्या वनस्पती मिसळलेल्या असतात. गाजरगवत, घाणेरी, धोत्रा, एरंड यांचा एखादा फाटाही त्यात राहू देऊ नये. कुसळी गवताची टोकदार कुसळे हिरड्यांत, डोळ्यांत आणि केसांत रुततात, म्हणून फुलोऱ्यावर आलेली कुसळी टाळावी. रस्त्याकडेचे, बागेत तणनाशक फवारलेले किंवा भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या जागेवरचे गवत फुकट मिळाले तरी घेऊ नये.

काही गोष्टी गवतासारख्या दिसतात, पण गवताची जागा घेऊ शकत नाहीत. भाताचा पेंढा कुरतडायला आणि अंथरायला ठीक आहे, पण त्यात पोषण जवळजवळ नसते. गव्हाच्या भुश्शाचेही तेच. कडबा फार जाड असतो. त्याची वाळलेली पाने चालतील, पण कोवळी हिरवी ज्वारी देऊ नये, कारण तिच्यात सायनाइडयुक्त विषारी घटक असतात. लसूणघास, म्हणजे ल्यूसर्न, पिल्लांना उत्तम; मोठ्या सशाला मात्र ती रोज देऊ नये. साध्या गवताच्या मानाने तिच्यात कॅल्शियम कितीतरी पट असते. इतर प्राणी आतड्यातूनच गरजेपुरते कॅल्शियम शोषतात, पण ससा अन्नातील बहुतेक कॅल्शियम शोषून घेतो आणि जास्तीचे लघवीवाटे बाहेर टाकतो. ते फार झाले की लघवी चुना कालवलेल्या पाण्यासारखी पांढरी आणि घट्ट होते, आणि मूत्राशयात गाळ साठू लागतो. स्वस्त पेलेटचा मुख्य घटक बहुधा लसूणघासच असते, हेही येथे ध्यानात ठेवावे.

चांगले गवत नाकाला ओळखता येते. त्याला गोडसर, उन्हात वाळलेल्या कुरणाचा वास येतो, रंग हिरवट असतो आणि हातात घेऊन झटकले तर धूळ उडत नाही. कुबट वास, पांढरी-काळी बुरशी किंवा ओलसर गारवा जाणवला तर ती पेंढी टाकून द्यावी. बुरशीचा भाग काढून उरलेले देणे योग्य नाही. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये गवत टिकवणे हे मोठेच काम असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेले गवत आतल्या आत घामेजते, म्हणून सुती चादरीत किंवा हवा खेळणाऱ्या खोक्यात, जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, आणि ऊन पडेल त्या दिवशी अवश्य पसरून घ्यावे.

"आमचा ससा गवत खातच नाही," ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. समोर चवदार पेलेटची भरलेली वाटी असेल तर तो गवत कशाला खाईल? सकाळी पेलेट न देता आधी गवत द्यावे, ते दिवसातून दोनदा बदलावे, त्याच्या लघवी-लेंडीच्या कोपऱ्याशेजारीच ठेवावे, कारण सशांना तेथे बसून चघळायची सवय असते, आणि वरून थोडा वाळलेला पुदिना किंवा कोथिंबीर कुस्करून टाकावी. चार-सहा दिवसांत फरक दिसू लागतो.

तिसरी पायरी: पालेभाजी बसवा

गवत अंगवळणी पडल्यावर पालेभाजीकडे वळावे. साठवणीत गवतातील अ आणि ई जीवनसत्त्व कमी होत जाते. ती उणीव ताज्या पाल्याने भरून निघते. पेलेट वगळायचे असतील तर ही पायरी टाळताच येत नाही. कोथिंबीर, पुदिना, तुळस, शेपू, मुळ्याचा पाला, फ्लॉवरची बाहेरची पाने, नवलकोलाचा पाला, गाजराचा पाला, लेट्यूस, जास्वंदीची पाने आणि फुले, असे आपल्या मंडईत आणि कुंडीत सहज मिळणारे बरेच काही आहे. एका किलो वजनामागे दिवसाला एक-दीड वाटी पाला पुरतो आणि त्यात निदान तीन प्रकार असावेत. पालक, चाकवत यांत ऑक्झलेट जास्त असते, म्हणून ते आठवड्यातून एक-दोनदाच द्यावेत. शेवग्याचा पाला पौष्टिक आहे, पण त्यातील कॅल्शियम पाहता तोही क्वचितच द्यावा. कांदा, लसूण, पातीचा कांदा, अळू, बटाटा व टोमॅटोचा पाला, कच्ची कडधान्ये, पोळी, भात, बिस्किटे हे काहीही देऊ नये. गाजर हा खाऊ आहे, जेवण नाही. बोटाच्या पेराएवढा तुकडा पुष्कळ झाला.

नवीन पाला एका वेळी एकच सुरू करून तीन दिवस लेंड्या पाहाव्यात. औषध फवारणीची शंका असते, म्हणून पाला दोन-तीन पाण्यांतून धुऊन निथळून घ्यावा.

चौथी पायरी: पेलेट निवडायचे असतील तर कसे निवडावेत

पेलेट हे मुळात मांस आणि लोकरीसाठी ससे पाळणाऱ्यांच्या सोयीने वाढलेले खाद्य आहे. तेथे पिल्लू थोड्या आठवड्यांत वजनावर आणायचे असते आणि शेकडो पिंजऱ्यांत गवत भरत बसणे परवडत नाही. घरातला ससा मात्र आठ-दहा वर्षे जगवायचा असतो. उद्दिष्ट वेगळे म्हणून खाद्यही वेगळे लागते. "रॅबिट फीड" एवढे लिहिलेले असणे पुरेसे नाही. तरीही पेलेटमध्ये अ, ड आणि ई जीवनसत्त्वे, तांबे, जस्त, आयोडीन असे घटक ठरावीक प्रमाणात मिळतात, आणि ज्याच्या घरी एकाच प्रकारचे जुने गवत आणि दोनच भाज्या येतात त्याच्या सशाला त्यांचा आधार असतो.

वेष्टण वाचताना तंतुमय घटक १८ टक्क्यांहून अधिक, शक्यतो २० च्या पुढे असावेत. मोठ्या सशासाठी प्रथिने १२ ते १४ टक्के, स्निग्धांश ३ टक्क्यांपर्यंत आणि कॅल्शियम १ टक्क्याच्या आत असावे. घटकांमध्ये पहिले नाव गवताचे असावे. मका, गूळ किंवा मळी, बिया यांची नावे वर असतील तर ती पिशवी परत ठेवावी. सर्व कांड्या एकसारख्या असाव्यात. ज्या पिशवीत रंगीत तुकडे, दाणे, सूर्यफुलाच्या बिया आणि वाटाणे एकत्र दिसतात तिला पेलेट म्हणू नये. असे मिश्रण दिले तर ससा त्यातील गोड, पिष्टमय तेवढे वेचून खातो. एडिंबरा विद्यापीठातील पशुवैद्यकांनी १७ महिने सशांचे चार गट चार प्रकारच्या आहारावर ठेवून पाहिले होते. ज्यांना मिश्र दाणे मिळत होते त्यांनी गवत कमी खाल्ले, त्यांचे वजन वाढले आणि दातांत बिघाड दिसू लागले. केवळ गवतावरचे ससे मात्र सडसडीत राहिले. हा अभ्यास वाचल्यापासून रंगीत मिश्रणाची पिशवी मी घरात आणलेली नाही.

स्वस्त पडते म्हणून कोंबडीखाद्य किंवा गुरांची गोळीपेंड सशाला घालणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही करू नये. कोंबडीखाद्यात मिसळलेली काही औषधे सशांना विषारी ठरतात, आणि गुरांच्या खाद्यात युरिया असू शकतो, जो रवंथ करणाऱ्या जनावरालाच पचतो.

पेलेट सुटे विकत घेऊ नयेत, मोठी पिशवीही घेऊ नये. सहा आठवड्यांत संपेल एवढेच आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. जुने झाले की जीवनसत्त्वे विरतात, आणि दमट हवेत डोळ्यांना न दिसणारी बुरशीही धरते.

पाचवी पायरी: प्रमाण ठरवा

सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला पेलेट मोकळे ठेवता येतात, मात्र गवत बरोबरीने हवे. सहाव्या महिन्यापासून हळूहळू कमी करत मोठ्या सशाच्या प्रमाणावर यावे. निरोगी प्रौढ सशासाठी एका किलो वजनामागे दिवसाला २५ ग्रॅम ही वरची मर्यादा समजतात. आपल्याकडचे घरगुती ससे साधारण दोन किलोच्या आसपास असतात, म्हणजे ५० ग्रॅमच्या वर जाऊ नये. गवत भरपूर खाणाऱ्या आणि घरात मोकळे फिरणाऱ्या सशाला याच्या निम्मे पुरते, असा माझा अनुभव आहे. १ किलो ९०० ग्रॅम वजनाच्या माझ्या भुरीला मी रोज २० ग्रॅम देतो. "वाटीभर" हे माप मात्र सोडून द्यावे. आमची आमटीची वाटी भरून पेलेट मी काट्यावर ठेवले तेव्हा ते शंभर ग्रॅमच्या वर भरले, आणि कापसाला मी तशा दोन वाट्या देत होतो.

दोन वेळा विभागून द्यावे. त्यांपैकी एका वेळी हाताने एकेक कांडी देत राहिले तर ससा बोलावल्यावर येऊ लागतो आणि त्याची भूक कशी आहे हेही रोज कळते. ज्या दिवशी तो कांडी हुंगून तोंड फिरवतो, तो दिवस सावध होण्याचा असतो.

सहावी पायरी: पेलेट बंद करून पाहायचे असतील तर

हे काम सहा आठवड्यांचे आहे असे समजूनच हाती घ्यावे. उन्हाळा लागताना, घर बदलताना, जोडीदार ससा आणल्यावर किंवा आजारपणानंतर लगेच सुरू करू नये. उन्हाळ्यात ससा आधीच कमी खातो, मग घटलेली भूक उष्म्यामुळे आहे की बदलामुळे हे ओळखता येत नाही. महाराष्ट्रात दिवाळीनंतरचा काळ यासाठी सर्वांत सोयीचा असतो. हवा थंड असते, नवे गवत आलेले असते आणि मंडईत पाला स्वस्त असतो.

सुरुवातीला सशाचे वजन करावे. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर आधी रिकामी परडी ठेवून काटा शून्यावर आणावा, मग तिच्यात दूर्वांची मूठ टाकून सशाला बसवावे. भुरी पहिल्यांदा उडी मारून निघून गेली. दूर्वा ठेवायला लागल्यापासून ती आकडा स्थिर होईपर्यंत शांत बसते, आणि कधी कधी आपणहून परडीत जाऊन बसते. दर रविवारी, त्याच वेळी, पेलेट देण्याआधी वजन करून तारखेसह लिहावे.

पहिल्या आठवड्यात रोजच्या प्रमाणातून सुमारे सहावा भाग कमी करावा आणि त्याऐवजी गवत व पाला वाढवावा. लेंड्या नीट असतील आणि वजन टिकून असेल तरच दुसऱ्या आठवड्यात पुढचा भाग कमी करावा. काही बिनसल्यासारखे वाटले तर त्याच प्रमाणावर आणखी एक आठवडा थांबावे. घाई करून काहीच मिळत नाही.

लेंड्या पाहणे म्हणजे नेमके काय, ते सांगतो. सकाळी कोपरा साफ करताना एक कडक लेंडी उचलून दोन बोटांत चुरडून पाहावी. पुरेसे गवत खाणाऱ्या सशाची लेंडी हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी, गोल, पिवळसर तपकिरी असते आणि चुरडल्यावर आत गवताचे बारीक तुसे स्पष्ट दिसतात. तिला वासही जवळजवळ नसतो. पेलेटवर जगणाऱ्या सशाची लेंडी लहान, काळपट आणि चुरडल्यावर मातीसारखी होते. बदल सुरू केल्यापासून तिसऱ्या आठवड्यात मला भुरीच्या लेंड्यांचा रंग उजळलेला दिसला, तेव्हा गवत खरोखरच वाढले आहे याची खात्री पटली. लेंड्या आकाराने अगदी लहान झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या किंवा संख्येने घटल्या, तर पोटाची हालचाल मंदावली आहे असे समजावे. मऊ लेंड्या न खाता तशाच पडून राहात असतील तर आहार अजूनही जास्त पौष्टिक आहे, किंवा नव्या पाल्यापैकी एखादा सोसत नाही.

एक गोष्ट मात्र कधीही थांबून पाहण्यासारखी नाही. ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल, लेंड्या बंद झाल्या असतील, आणि तो पाठ वाकवून एका कोपऱ्यात दात खात बसला असेल, तर त्याचे आतडे थांबले आहे. सशाला उलटी करता येत नाही, म्हणून आतले बाहेर टाकण्याचा मार्ग त्याच्याकडे नसतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, सशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे न्यावे. कुत्र्या-मांजरांचे सर्वच डॉक्टर ससे पाहतात असे नाही. म्हणून आहारात बदल सुरू करण्याआधीच असे डॉक्टर शोधून त्यांचा क्रमांक दारामागे चिकटवून ठेवावा.

वजनात मी पाच टक्क्यांची मर्यादा धरतो. दोन किलोच्या सशाचे वजन शंभर ग्रॅमहून अधिक घटले आणि तो लठ्ठ नव्हता, तर शेवटच्या ज्या प्रमाणावर वजन स्थिर होते तेथे परत यावे आणि दोन आठवडे तेथेच राहावे. भुरी सहा आठवड्यांनी पूर्णपणे गवत आणि पाल्यावर आली होती. पुढच्या वर्षी जुलैत गवत दमट येऊ लागले, मंडईतील पाला चिखलाने आणि महागाईने निम्म्यावर आला, आणि वहीत सलग दोन रविवारी तिचे वजन उतरलेले दिसले. तेव्हा मी वीस ग्रॅम पेलेट पुन्हा सुरू केले. ते आजही चालू आहेत, आणि दिवाळीत नवे गवत आले की पुन्हा कमी करून पाहणार आहे.